माझ्या देखरेखीखाली व्यालेली शेळी

३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवण्यासाठी नाही. उद्या कोणी विचारलंच, की साबणाच्या कंपनीत जन्म काढलेल्या माणसाने शेतावर येऊन हे सगळं कसं जमवलं, तर आपल्यापाशी नोंद असावी, एवढंच.

परिस्थिती अशी. शेत छोटं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे गोठा. गोठ्यात दोन शेळ्या, एक काळी, एक पांढरी. दोन्ही गाभण. काळी आधी विणार. शहरातला फ्लॅट भाड्याने दिलाय. रिटायर झाल्यावर इथे यायची आयडिया माझी. कारण, शुद्ध हवा. शुद्ध हवा गोठ्यापासून बरीच लांब सुरू होते, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

वास! मी कंपनीत क्वालिटीला होतो. वडी नुसती हुंगून अख्खी बॅच नापास करायचो. असलं नाक घेऊन गोठ्यात शिरायचं म्हणजे गवयाला पत्रे ठोकायच्या कारखान्यात बसवायचं. ओला पेंढा, त्यावर मूत, आणि त्याच्याही वर आणखी एक वास, ज्याला आमच्या कंपनीत शब्दच नव्हता. बाहेर येऊन उभा राहिलो. पाहणी पूर्ण.

ठरलं ते असं. अंगमेहनत ही करणार, व्यवस्थापन मी. (ही म्हणजे बायको.) उंबऱ्याच्या आत जनावर येणार नाही. स्वच्छता कंपनीच्या दर्जाची. आणि जनावरांना नावं ठेवायची नाहीत, नंबर द्यायचे. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, की सकाळपासून तुम्ही त्यांना नावंच तर ठेवताय. आणि काळीला ‘चल गं राणी’ म्हणत घेऊन गेली.

हिची काळजी वाटते. शहरात वाढलेली बाई. महिनाभर टिकायची नाही. तोंडाने बोलत नाही, पण नवऱ्याला कळतं.

५ फेब्रुवारी

शेळ्यांना आंघोळ घालायचा प्रयोग केला. चंदनाची वडी, आमच्याच कंपनीची. काळीने ती खाल्ली. मग माझ्याकडे बघून ढेकर दिला. चंदन आणि रवंथ यांचा मिश्र वास आयुष्यात पहिल्यांदा घेतला. शेवटचाही असो.

ही धावत आली. गाभण जनावराला या गारठ्यात कोण न्हाऊ घालतं, असं विचारत होती. वडीचं रॅपर नेलं, आत काय काय असतं ते वाचायला. मी सांगितलं, आमच्या वड्या खाण्याच्या दर्जाच्या असतात. हे वाक्य मी ग्राहकांनाही सांगत असे.

पलीकडच्या शेतात एक रिटायर्ड मास्तर राहतात. काम काही नाही. कुंपणाला टेकून आमच्याकडे बघणं हाच उद्योग. ते म्हणाले, फेस येईल आता दोन दिवस. हसण्यासारखं काही नव्हतं. तरी हसले.

६ फेब्रुवारी

आला.

८ फेब्रुवारी

काळीसाठी प्रसूतिगृह तयार. गोठ्याचा एक कोपरा पत्रा लावून वेगळा केला, घासून काढला, वर फिनेल. हॉस्पिटलचा भास व्हावा इतकं सुंदर. संपूर्ण गोठ्यात फक्त तिथे मी श्वास घेऊ शकतो.

काळी आत जायला तयार नाही. ओढलं तर पाय रोवून उभी. नाकपुड्या फेंदारून फुर्र केलं आणि ओसरीवर माझ्या आरामखुर्चीपाशी जाऊन बसली. ती उठल्यावर पाहतो तर चपलेत लेंड्या. डाव्या पायाच्या. कोमट होत्या. कशा कळल्या ते लिहवत नाही.

हिचं म्हणणं, फिनेल धुऊन टाकू या, तिला वास सहन होत नाही. म्हणजे आता शेळीच्या नाकाला मान, माझ्या नाकाला नाही.

बाळंतपणाची तारीख मी काढली आहे. सोळा. त्याआधी हातमोजे, ॲप्रन, मास्क आणायचे. स्वतः पुढे उभं राहून सगळं पार पाडायचं. हिला गरम पाण्यावर ठेवू.

११ फेब्रुवारी

काळी आज व्याली. माझी तारीख बरोबरच होती, शेळीने घाई केली.

क्रमाने लिहितो. दुपारी जेवायला बसणार, एवढ्यात गोठ्यातून हाक आली. गेलो. प्रसूतिगृह रिकामं. काळी जुन्या पेंढ्यात, सगळ्यात घाणेरड्या जागी. मागून एक लांब चिकट दोर लोंबत होता. काचेसारखा, पिवळसर. मला वाटलं काहीतरी खाल्लंय ते बाहेर येतंय. ही म्हणाली, तसं नसतं ते. मग एक फुगा आला. पाण्याने भरलेला फुगा, आत काहीतरी हलतंय. मग तो फुटला. मी जवळ उभा होतो. व्यवस्थापनाने जवळ उभं राहायचं असतं.

चष्मा, शर्ट, एक कान.

त्यानंतरचं मला चष्म्यामुळे नीट दिसलं नाही. आधी दोन खूर, मग नाक, मग सर्रकन सगळंच, ओल्या मोज्यासारखं. ही गुडघ्यावर बसली होती. हातमोजे नाहीत, काही नाही. बोटाने त्या करडाच्या तोंडातला शेंबूड काढला आणि पेंढ्याला पुसला. माझी बायको. जी शहरात नळाची तोटी सांडशीने धरून उघडायची. (ती सवय मीच लावली होती, ते वेगळं.)

दुसरं आलं. तिसरं आलं ते इवलंसं, निळसर, हलेना. हिने त्याला मागच्या पायांनी धरलं, उठून उभी राहिली आणि चक्क झोका दिला. एकदा, दोनदा. त्याच्या नाकातून निघालेलं सगळं माझ्या दुसऱ्या कानावर. मग ते शिंकलं. ही रडत होती की हसत होती, कळलं नाही.

या सुमारास मी थोडा खाली बसलो. ब्लडप्रेशर. ही म्हणते, आडवे झालात. मास्तर कुंपणावरून म्हणाले, पडले पडले. मी बसलो होतो.

डोळे उघडले तेव्हा काळी काहीतरी खात होती. लाल, लिबलिबीत, जमिनीवरून उचलून. मी विचारलं, तिला काय दिलंस खायला? ही म्हणाली, वार पडली तिची, तीच खातेय, ओढून घ्यायला पाहिजे. आणि ओढून घेतली. हाताने. खड्ड्यात पुरली. मग हात धुऊन विचारलं, तुमचं पान वाढू का?

जेवलो नाही. रात्रीही जेवेन असं वाटत नाही.

मुलीला फोन करून सांगितलं, बाळंतपण मी पार पाडलं, तिन्ही करडं सुखरूप. मुलगी म्हणाली, बाबा, आईला फोन द्या.

१२ फेब्रुवारी

नंबर एक आणि नंबर दोन आईला पितात. नंबर तीनला काळी जवळ येऊ देत नाही. जवळ गेलं की डोक्याने ढुशी. मला त्यात गैर वाटत नाही, मीही दिली असती. त्याच्या बुडाला काळं डांबर चिकटलंय. खरंच डांबर, तसंच तार सोडणारं. हिने ते कोमट पाण्याने पुसलं. माझ्या टॉवेलने. तो चांगला, जाड, पांढरा टॉवेल. मी म्हटलं, हा माझा तोंड पुसायचा आहे. म्हणाली, होता.

नाळेला आयोडीन लावायचं काम माझ्याकडे होतं. नाळ म्हणजे ओल्या सुतळीचा तुकडा, मधोमध लोंबणारा. डोळे मिटून लावलं. करडाला कमी लागलं, मला जास्त. बोटं तपकिरी. साबणाने जात नाही, आमच्याही नाही.

ही म्हणाली, नंबर तीन गारठेल, रात्री घरात घेऊ. मी स्पष्ट शब्दांत नाही म्हटलं. उंबरा म्हणजे उंबरा. नियम केला तो कशाला.

संध्याकाळी: खोक्यात आहे. चुलीजवळ. उंबऱ्यावरून उचलून आणल्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ते उंबऱ्याच्या आत ‘आलेलं’ नाही.

ही त्याला चिमूट म्हणते.

१४ फेब्रुवारी

चिमटीला, म्हणजे नंबर तीनला, बाटलीने दूध पाजायची पाळी माझी, कारण ही शेळ्यांना पाला आणायला गेली होती. आईचं दूध पिळून थोडं, उरलेलं पावडरचं.

दूध पाजणं याचा एक शांत, सुंदर फोटो डोक्यात होता. प्रत्यक्षात ते निपल सोडून माझी करंगळी, मग अंगठा, मग कानाची पाळी, मग पँटची चेन चोखतं. मध्येच बाटलीला खालून ढुशी मारतं, दूध बाहीत शिरतं, कोपरापर्यंत जातं आणि तिथे आंबतं. पिताना शेपूट वेड्यासारखं हलवतं. आणि पिणं चालू असतानाच मागून सोडतं. पुढून भरती, मागून ओहोटी. कुठल्याही चांगल्या घरात हे खपवून घेतलं जात नाही.

त्यात या बाटल्या. ही नुसती पाण्याने खळबळून पालथी घालते. मी उजेडात धरून बघितली. आत पिवळा थर, निपलच्या कडेला गुठळ्या, वास असा की मी तिथल्या तिथे बसलो. (बसलो.) मग सगळ्या उकळल्या, ब्रश लावला, पुन्हा उकळल्या. व्यवस्थापकाने असल्या कामात वेळ घालवू नये. पण दुसरं कोण करणार?

१७ फेब्रुवारी

पंधरा आणि सोळा तारखेची पानं नंबर तीनच्या पोटात आहेत. त्यात बऱ्याच महत्त्वाच्या गोष्टी होत्या. सोळा तारखेला तर गोठ्याच्या पुनर्रचनेची पूर्ण योजना होती. असो, आज आठवत नाही.

ते आता उड्या मारतं. चारही पाय एकदम वर, हवेत वळसा आणि माझ्या पलंगावर. पलंगावर पोचलं की मुततं. नेमाने. मास्तरांनी कुंपणावरून ओरडून विचारलं, काय आजोबा, नातू काय म्हणतो? मी आत आलो आणि चादर बदलली. आता स्वच्छ चादर उरलेली नाही. झोपायला टेबलक्लॉथ घेतला आहे.

एक निरीक्षण. नंबर तीन बाकीच्या दोघांपेक्षा बरंच बारीक आहे आणि सारखं बें बें करतं. त्या आवाजाने डोकं उठतं. हिला समजत नाही, पण कारण उघड आहे. दूध पातळ. आजपासून माझ्या पाळीला पावडर दुप्पट. कमी वेळात जास्त ताकद. हिला सांगत बसलो नाही. निकाल दिसल्यावर सांगू.

१८ फेब्रुवारी

बें बें बंद. शांत झोपलंय. पावडरचा गुण.

१९ फेब्रुवारी

लिहायला हात धजत नाही. इतकी घाण मी जन्मात पाहिलेली नाही.

सकाळी खोक्यापाशी गेलो. पांढरट पिवळं पाणी. खोक्याचा तळ विरघळलेला, जमिनीवर ओघळ. वास असा, की माझ्या अख्ख्या नोकरीत जे जे नापास केलं ते सगळं एका बादलीत कालवावं. आणि त्याच्या मधोमध ते. मान टाकलेली. डोळे आत गेलेले. कानाला हात लावला, गार. मला ओकारी आली. मी बाहेर जाऊन ओकलो, हे खरं आहे, पण लगेच आत आलो.

डॉक्टरीणबाई आल्या. जनावरांच्या. त्यांनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. पाणी संपलंय अंगातलं, म्हणाल्या. मग पावडरचा डबा बघितला, चमचा बघितला आणि विचारलं, दूध घट्ट कोण करत होतं?

मी म्हटलं, आम्ही.

ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, हो, आम्हीच.

डॉक्टरीणबाईंनी दूध थांबवायला सांगितलं. साखरमिठाचं पाणी, थोडं थोडं, ऊब आणि नशीब. दुपारभर ही स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून होती, भिंतीला टेकून. करडू मांडीवर, माझ्याच स्वेटरमध्ये गुंडाळलेलं. चमच्याने पाणी. ओठाच्या कडेने अर्धं बाहेर. पुन्हा चमचा. लुगड्यावर सगळं ते पिवळं. तिला त्याचं भानच नव्हतं. मी शेजारी उभा होतो. काय करावं सुचेना, म्हणून जमीन फिनेलने पुसायला घेतली. ही म्हणाली, आत्ता फिनेल नको. हळू म्हणाली. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

मग मी बाटल्या धुतल्या. पुन्हा धुतल्या. वापरणार कोणी नव्हतं.

हिचा चेहरा बघवत नाही. हे तिला झेपत नाहीये. निर्णय घ्यावा लागेल, आणि तो मलाच घ्यावा लागेल.

२१ फेब्रुवारी

जगलं.

सकाळी मी दात घासत होतो. ही धावत आली, केस मोकळे, हात पुढे. तळहातावर एक लेंडी. घट्ट, काळी, चकचकीत. नवी अंगठी दाखवावी तशी मला दाखवली. म्हणाली, अहो बघा, चिमटीने केली, बांधीव आहे! नाकासमोर आणली. मी तोंडातल्या फेसासकट ‘वा’ म्हटलं. काय बोलणार? चूळ भरायला बाहेर गेलो ती बराच वेळ भरत राहिलो.

ते उभं राहतं. पाय थरथरतात, पण राहतं. मला बघून बें केलं. भूक असणार.

इतक्या वर्षांच्या संसारात ही माझ्याकडे अशी हात पुढे करून पळत आल्याचं आठवत नाही. आणि आणलं काय, तर हे. किळस यावी की काय यावं.

२३ फेब्रुवारी

निर्णय पक्का. परत शहरात जायचं. माझ्यासाठी नव्हे. मी इथे कुठेही राहू शकतो, मला काय, माणूस सवयीचा गुलाम. हिच्यासाठी. हात फाटलेत, कंबर धरते, केसांत पेंढ्याच्या काड्या. त्याग करायचा तर पूर्ण करायचा, शेतीचं स्वप्न सोडून द्यायचं.

भाडेकरू महिनाअखेर जागा सोडतोय, हा योगायोग. (मी त्याला फोन केला होता.) मुलीलाही फोन केला. म्हटलं, आईला घेऊन येतोय, तिला इथे सहन होत नाही. मुलगी म्हणाली, आईला विचारलंत? मी म्हटलं, अशा गोष्टी विचारायच्या नसतात, समजून घ्यायच्या असतात. पलीकडून फोन कट. लाइन खराब असावी.

२४ फेब्रुवारी

दोन बॅगा भरल्या. एक माझी, एक हिची. हिच्या बॅगेत काय भरायचं ते कळेना. तिच्या जुन्या साड्या कपाटात खाली घडी घालून ठेवल्यात, हात लावलेल्या दिसत नाहीत. वरच्या फळीवर जाडी लुगडी आणि वरून घालायचे सदरे, एका खिशात सुतळी, कात्री, निपल. निपल काढून धुऊन ठेवलं. बाकी तसंच.

उद्या सांगणार. वाक्यं तयार केली आहेत. ती रडेल. रडू द्यायचं.

२५ फेब्रुवारी

सांगितलं.

ही गोठ्यात होती. पांढरीची कास दाबून बघत होती, तीही आता विणार आहे. चिमूट हिच्या पदराचं टोक चघळत होतं. मी दारात उभा राहिलो, नाकाला रुमाल न लावता, प्रसंगाचा मान म्हणून. म्हटलं, तू इतके दिवस मुकाट्याने सोसलंस, मी बघितलं नाही असं समजू नकोस, आपण परत जातोय, फ्लॅट रिकामा होतोय, तुझी बॅगसुद्धा भरली आहे.

ही वळली. रडली नाही. आधी म्हणाली, कुठे जातोय? मग म्हणाली, अहो, मला कुठे जायचंय?

मी म्हटलं, माझ्यासमोर लपवू नकोस.

ती पालथ्या पाटीवर बसली. म्हणाली, इतकी वर्षं तुमच्या नाकाला पटेल असं घर ठेवलं. फडकी उकळली, तोट्या सांडशीने उघडल्या. तक्रार नाही, तुमचा स्वभाव आहे तो. पण इथे आल्यापासून मला सकाळी उठावंसं वाटतं. तुम्हाला इथलं काहीच सोसत नाही, हे मला दिसतंय, वाईटही वाटतं. तुम्हाला जायचं असेल तर खरंच जा. मी रागावणार नाही. रविवारी येत जा. मास्तरांची सून मदतीला येते म्हणालीय.

सगळं ठरलेलं दिसलं. माझ्या पाठीमागे व्यवस्थापन चालू होतं.

मी म्हटलं, अगं, पण मी गेलो तर इथलं सगळं कोण बघणार?

ती म्हणाली, सगळं म्हणजे काय काय?

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कोणाला काय काम वाटून द्यायचं ते. वाट बघत होती. मी सांगायला तोंड उघडलं. मोजायला एक बोट धरलं. धरूनच राहिलो. पांढरी माझ्याकडे बघत होती, नंबर एक आणि दोन एकमेकांच्या अंगावर चढत होते. चिमूट आलं आणि ते धरलेलं बोट चोखायला लागलं. गरम, चिकट, सुरीच्या पात्यासारखे बारीक दात. काढून घेतलं नाही. दुसरं करायला काही नव्हतं.

हिला माझी दया आली असावी. कपाळाला आठ्या घालून विचार केला. बराच वेळ केला. मग चेहरा उजळला आणि म्हणाली, बाटल्या! बाटल्या मात्र तुम्ही फार छान धुता हो. मला कधीच तशा निघाल्या नसत्या. डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणाल्या, बाटल्या कोण धुतं.

चेष्टा करत नव्हती. केली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, बघू.

त्याच दिवशी, संध्याकाळी

बॅग अजून सोडलेली नाही. आणि उचललेलीही नाही.

पांढरी एक-दोन दिवसांत विणार म्हणतात. पोटावरून तीन तरी असावीत. म्हणजे बाटल्या वाढणार. लांब दांड्याचा ब्रश आणावा लागेल, हा तळापर्यंत पोचत नाही. निपलच्या भोकात साय धरते, ती पाण्याने जात नाही, टाचणीने कोरून काढावी लागते. आता काढली. पिवळी, ताणली जाणारी.

शी.

पाणी पुन्हा तापत ठेवलंय.